दुसरे दार कोठे आहे?

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. पहिले १६६४ सालचे, शिवछत्रपतींच्या घोडदळाच्या टापांनी हादरलेल्या मोगली बंदराचे. दुसरे १९०७ सालचे, काँग्रेसच्या मंडपात लोकमान्य व्यासपीठावर उभे असताना उडालेल्या खुर्च्यांचे आणि जोड्यांचे. ही दोन्ही पाने आम्ही आजवर अभिमानाने उलटीत आलो आहोत. सुरतेचे तिसरे एक चित्र आहे. ते आपल्या पराक्रमाचे नाही आणि आपल्या पक्षोपपक्षांच्या भांडणाचेही नाही. परंतु मुलाबाळांच्या आईबापांनी ते दर उन्हाळ्यात एकदा तरी आठवावे, असे आम्हांस वाटते. ते चित्र २४ मे २०१९ चे आहे.

त्या शुक्रवारी दुपारी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या व्यापारी इमारतीला आग लागली. इमारतीच्या माथ्यावर चढविलेल्या ठेंगण्या बांधकामात एक शिकवणी वर्ग भरत असे. उन्हाळ्याची सुटी होती. चित्रकलेचे आणि वास्तुकलेच्या प्रवेशपरीक्षेचे धडे घेण्यासाठी मुले जमली होती. छत इतके खाली होते की खुर्च्या टाकण्याची सोय नव्हती, म्हणून बसावयास मोटारीचे टायर मांडलेले. इमारतीच्या तोंडावर फ्लेक्सचे फलक, आत टायर, आणि उतरावयाचा जिना आगीच्या जबड्यात. मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. २२ जीव गेले. खाली रस्त्यावर जमलेल्या गर्दीतील कित्येकांच्या हातांत फोन होते आणि ते हात चित्रीकरणात गुंतले होते. एक तरुण तेवढा इमारतीवर चढला व त्याने काही मुलांना खाली उतरविले.

दुसऱ्या दिवसापासून सारे यथासांग पार पडले. गुन्हे नोंदले गेले, अधिकारी निलंबित झाले, सुरत आणि अहमदाबादेतील शिकवणी वर्गांना तपासणी होईपर्यंत टाळी लागली. गुजरातेत अग्निसुरक्षेचा कायदा २०१३ पासून अस्तित्वात होता. म्हणजे नियम होता, खातेही होते आणि तपासनीसही होते. नव्हता तो केवळ दुसरा जिना.

त्यानंतर याच राज्यात काय घडले? १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नौका उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. नौकेत तिच्या क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे कोंबली होती आणि तरंगण्याचे जाकीट फारच थोड्यांच्या अंगात होते. त्याच वर्षी २५ मे रोजी, सुरतेच्या आगीला पाच वर्षे आणि एक दिवस झाला असताना, राजकोटच्या एका खेळघरात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पेट घेतला. आत सुटीची मजा लुटावयास आलेली मुले होती. अग्निशमन खात्याचा दाखला नव्हता, बाहेर पडावयाची वाट एकच होती. २७ माणसे जळाली. त्यांतील काहींची ओळख पटविण्यास रक्ताची चाचणी करावी लागली.

वाचक विचारतील की शिकवणी वर्ग, नौका आणि खेळघर यांचा आमच्या तालमीशी, कबड्डीच्या मैदानाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे. या तिन्ही ठिकाणी आईबापांनी आपले मूल तासा-दोन तासांसाठी कोणा मोठ्या माणसाच्या हवाली केले होते आणि घरी निश्चिंत मनाने ते कामाला लागले होते. आपणही रोज संध्याकाळी तेच करतो.

मराठी माणूस जेथे गेला तेथे त्याने देवघराच्या पाठोपाठ आखाडा मांडला. वडोदऱ्यात प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून यंत्रमागांवर राबावयास गेलेली हजारो कुटुंबे आहेत. बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या त्या आईबापांना संध्याकाळी मूल कोठे असते हा प्रश्न आपल्याहून अधिक छळतो. मूल मैदानावर आहे, मंडळात आहे, एवढे उत्तर त्यांना पुरते. मैदानावर गेलेल्या मुलाच्या स्वप्नांनाही सीमा नसते. याच सुरतेत वाढलेला हरमीत देसाई २०१८ आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत टेबल टेनिसचे सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत होता. असे एखादे नाव कानावर पडले की गल्लीतील पंचवीस मुले दुसऱ्या दिवशी मंडळाच्या दारात उभी राहतात, आणि त्यांना नाही म्हणण्याची आपल्यापैकी कोणाची छाती होत नाही.

आता आपल्या सीमाभागातील एखादी तालीम डोळ्यांपुढे आणा. जुन्या पेठेतील अरुंद बोळ. वाकून आत शिरावे लागेल असे ठेंगणे दार, आणि तेवढेच एक. आत तांबड्या मातीचा हौदा, कडेला मल्लखांब, वर लाकडी माळा. त्या माळ्यावर काय आहे हे मंडळाच्या कार्यकारिणीतील किती जणांनी वर चढून पाहिले आहे? आम्ही पाहिले. गेल्या चार वर्षांतील गणेशोत्सवाची सजावट तेथे रचून ठेवलेली असते: थर्माकोलचे महाल, रंगीत कापड, फ्लेक्सचे फलक, विजेच्या माळांचे गुंडाळे. खाली विजेच्या पेटीचे झाकण सुतळीने बांधलेले. तक्षशिला आर्केडच्या आगीने ज्या वस्तूंवर तोंड टाकले त्या सर्व आपण हौसेने आणि वर्गणीच्या पैशांतून आपल्या मुलांच्या डोक्यावर साठवून ठेवल्या आहेत. त्या आजच्या आज हलवावयास कोणाच्या परवानगीची गरज नाही. मागच्या भिंतीला दुसरे दार पाडावयास एक गवंडी आणि दोन दिवस पुरेत.

मैदानावरही तीच गत. रात्रीच्या सामन्यांसाठी ओल्या जमिनीवरून उघड्या तारा ओढलेल्या असतात. मे महिन्याच्या भर दुपारी सराव चालतो आणि पाणी मागणाऱ्या मुलाला ‘नाजूक’ म्हणून हिणविले जाते. डोक्याला मार लागून भोवळ आलेल्या मुलाला पाण्याचा हबका मारून पुन्हा मैदानात उतरविण्यात तर आपल्याकडे पुरुषार्थ मानतात. त्या दिवशी त्याला खेळवू नये, वैद्याला दाखवावे, एवढे आज कोणताही डॉक्टर सांगेल. सामन्यांना नेताना उघड्या टेम्पोत उभी केलेली तीस-तीस मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत आणि ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणून त्यांना निरोपही दिला आहे. याविषयी अधिक लिहावयास नको. लाज वाटेल त्याला एवढे पुरे.

जे लिहावयास कठीण आहे ते पुढेच आहे. इमारतीला दुसरे दार लागते, तसेच ते मुलाला माणसांच्या बाबतीतही लागते. ज्या वस्तादाच्या, प्रशिक्षकाच्या किंवा अध्यक्षाच्या हाती आपण मूल सोपवितो, त्याच्याकडूनच त्याला उपद्रव झाला तर ते मूल पळून कोणाकडे जाईल? त्याचे म्हणणे ऐकणारे दुसरे माणूस मंडळात आहे काय?

१९९० च्या ऑगस्टात हरयाणातील पंचकुला येथे टेनिस खेळणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलीने आपला विनयभंग झाल्याची तक्रार केली. तक्रार ज्याच्याविरुद्ध होती तो राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि पोलिस महानिरीक्षकही होता. म्हणजे एका दारावर तोच, दुसऱ्या दारावरही तोच! त्या मुलीला शाळेतून काढण्यात आले, तिच्या भावावर चोरीचे खटले लागले, आणि तीन वर्षांनी तिने आपले जीवन संपविले. न्यायालयाने त्याला दोषी ठरविले ते २००९ च्या डिसेंबरात, एकोणीस वर्षांनी. शिक्षा? सहा महिने. ती पुढे दीड वर्षावर गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दोष कायम ठेवून भोगली तेवढी शिक्षा पुरे मानली. हा खटला एकोणीस वर्षे जिवंत राहिला तो त्या मुलीच्या मैत्रिणीच्या आईबापांनी शेवटपर्यंत हात सोडला नाही म्हणून.

हे तिकडे हरयाणात झाले, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. आपल्या महाराष्ट्रात, बदलापुरात, २०२४ च्या ऑगस्टात शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून त्यांच्या घरच्यांना पोलिस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले, आणि शहर रेल्वेच्या रुळांवर उतरले तेव्हा कोठे शासनाला जाग आली. जी मंडळी म्हणतात की पैसा आणि शिस्त असली की असे होत नाही, त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथील जिम्नॅस्टिक संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक स्त्रियांचे निवेदन न्यायालयाने ऐकले. त्यांतील काहींवर अत्याचार झाला तेव्हा त्यांचे आईबाप त्याच खोलीत बसले होते. डॉक्टर उपचार करीत आहे, अशी त्यांची समजूत होती. इंग्लंडात १९९५ साली ऑलिंपिक संघाच्या एका जलतरण प्रशिक्षकाला सतरा वर्षांची सजा झाली, त्यानंतर तेथे खेळातील मुलांच्या संरक्षणासाठी २००१ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला. या सर्व प्रकरणांत एक गोष्ट समान दिसते. आरोपी कोणी रस्त्यावरचा गुंड नव्हता. तो नावाजलेला होता, लाडका होता, ‘आपला’ होता.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावाचून पुढची वाक्ये लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही.

काही वर्षांपूर्वी एक आई या कार्यालयाच्या पायऱ्या चढून आली. तिचा मुलगा अकरा वर्षांचा, कबड्डीचा वेडा. तो एकाएकी मैदानावर जाईनासा झाला होता. रात्री दचकून उठे. पुष्कळ गोंजारल्यावर त्याने आईला जे सांगितले ते तिने पदराने तोंड झाकून आम्हांस सांगितले. आम्ही तिला पाणी दिले आणि म्हणालो, “ताई, मंडळ आपले आहे. बाहेर बोभाटा झाला तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. आम्ही पदाधिकाऱ्यांशी बोलतो.” ती म्हणाली, “भाऊ, तुम्ही म्हणाल तसं.” आम्ही बोललो. पदाधिकाऱ्यांनी प्रशिक्षकाला ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ निवृत्त व्हावयास सांगितले, शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला आणि त्या समारंभाचे छायाचित्र आमच्याकडे धाडले. आम्ही ते छापले. वर्षभराने कळले की तो गृहस्थ दुसऱ्या तालुक्यात मुलांना शिकवीत आहे. ती बाई आजही बाजारात भेटते. ती ओळख दाखवीत नाही.

सीमाभागातील मराठी संस्थांवर चारी बाजूंनी डोळे रोखलेले असतात, हे खरे आहे. अनुदान रोखावयास, फलक उतरवावयास निमित्त शोधणारे कमी नाहीत, हेही खरे. म्हणूनच आपल्या घरातील घाण झाकण्याची एक सवय आपल्या अंगवळणी पडली आहे, आणि आपण तिला निष्ठा हे नाव दिले आहे. परंतु त्या निष्ठेची किंमत कोणी मोजली? अकरा वर्षांच्या मुलाने मोजली. आणि दुसऱ्या तालुक्यातील, ज्यांची नावेही आम्हांस ठाऊक नाहीत, अशा मुलांनी. भाषेच्या अभिमानासाठी आम्ही लाठ्या खाल्ल्या त्या मोठ्या माणसांनी स्वखुशीने खाल्ल्या. मुलाला कोणी विचारले होते?

कायदा याबाबतीत आपल्याहून पुष्कळ पुढे गेला आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ‘पोक्सो’ या नावाने ओळखला जाणारा २०१२ चा कायदा सांगतो की असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याचा संभव असल्याचे ज्याला कळले त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे. कळविले नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाचा अपराध दडवील तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. त्या आईला घरी पाठविणारे आम्ही आणि प्रशिक्षकाला शाल घालणारे पदाधिकारी या कलमाखाली कोठे उभे राहतो, हे वाचकांना निराळे सांगावयास नको. सद्भावनेने कळविणाऱ्यावर मात्र कोणताही दावा चालत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, पोलिसाने त्या वेळी गणवेशात असू नये, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, असेही हा कायदा बजावतो. मुलाचे नाव, घर, शाळा, छायाचित्र छापावयास वृत्तपत्रांना बंदी आहे, आणि हे पत्र ती पाळील. या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनी तर खेळाच्या प्रबोधिनींचा नावानिशी उल्लेख करून, मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या नोकरमाणसांची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी आणि ती वेळोवेळी करीत राहावे, असे म्हटले आहे. आमच्या गावातील एकाही मंडळाने ती केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मग करावयाचे काय? प्रथम हे की प्रशिक्षक कोणीही असो, मैदानावर दुसरे मोठे माणूस हजर हवे. आळीपाळीने एक पालक बसला तरी चालेल. त्याला खेळातले काही कळण्याची गरज नाही. एका मुलाला एकट्याला घेऊन दार लावावयाचे नाही, मग ते कपडे बदलण्यासाठी असो, खुराकासाठी असो वा दुखऱ्या पायाला तेल लावण्यासाठी. तालमीतील मालिशीची प्रथा जुनी आहे, तिच्यात गुरुसेवेचा भाव आहे, हे आम्ही जाणतो. पण पट्ठ्याने वस्तादाचे अंग रगडावे आणि वस्तादाने पट्ठ्याचे, तेही दिवे मालवल्यावर, ही प्रथा आता हौद्याबाहेर टाकली पाहिजे. कुस्ती आणि मल्लखांब शिकविताना अंगाला हात लागणारच. तो चारचौघांत लागावा, कशासाठी ते सांगून लागावा. गावोगावच्या सामन्यांना जाताना मुलांच्या मुक्कामाची खोली आणि प्रशिक्षकाची खोली निराळी असावी, मुली असतील तर सोबत एक बाई असावी, आणि निघण्यापूर्वी मुक्कामाचा पत्ता पालकांच्या हाती पडावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मास्तरांच्या हातची छडी काढून घेतली. ती मैदानावर वस्तादाच्या हातात चालू ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

दुसरे, प्रत्येक मंडळाने एक तक्रार ऐकणारी व्यक्ती नेमावी. ती मंडळाच्या बाहेरची असावी, शक्य तर स्त्री असावी. शाळेतील बाई, दवाखान्यातील परिचारिका, कोणीही. तिचे नाव आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तालमीच्या दारावर, मारुतीच्या तसबिरीशेजारी, मुलाच्या नजरेच्या उंचीवर रंगवून ठेवावा. मुलांना एवढेच सांगावे की कोणी ‘हे घरी सांगू नकोस’ असे म्हणाले तर तेच पहिल्याप्रथम घरी सांगावयाचे.

काही जुने वस्ताद रागावतील. त्यांच्यातील एकाने आम्हांस विचारलेही, “चाळीस वर्षं पोरं घडवली, आता आमच्यावर पहारा बसवणार काय?” त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि बहुतेक वस्ताद देवमाणसे आहेत यात शंका नाही. परंतु उघड्या दारात शिकविणाऱ्यावर उद्या कोणी खोटा आळ घेतला तर त्याच्या बाजूने बोलावयास दहा साक्षीदार असतात. बंद दाराआड शिकविणाऱ्याला स्वतःच्या शब्दापलीकडे काही नसते. कोणी पैशाचे कारण सांगेल. माळा रिकामा करावयास, पालकांची पाळी लावावयास, दारावर एक नाव रंगवावयास कितीसा खर्च येतो? ढोलताशांच्या एका रात्रीच्या बिदागीत यातले सारे होऊन भिंतीतले दुसरे दारही होईल.

वार्षिक परीक्षा संपल्या की मंडळांची उन्हाळी शिबिरे सुरू होतील. त्यापूर्वी प्रत्येक मंडळाने आपल्या जागेत बाहेर पडण्याच्या वाटा किती, माळ्यावर काय आहे, प्रशिक्षकांची पडताळणी झाली की नाही आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती कोण, हे एका कागदावर लिहून अध्यक्षाच्या सहीने आमच्याकडे पाठवावे. आलेली पत्रे याच पानावर जशीच्या तशी छापू. ज्यांच्याकडून पत्र येणार नाही त्या मंडळांची नावे शिबिरे सुरू होण्याच्या आदल्या दिवशी छापू, आणि त्यात ज्या मंडळाच्या कार्यकारिणीवर आम्ही स्वतः आहोत त्याचेही नाव असू शकेल. निरोपसमारंभाची छायाचित्रे मात्र यापुढे, प्रशिक्षक का गेला हे विचारल्यावाचून, या पत्रात छापली जाणार नाहीत.